अंतोनिओ साउरा नकलाकार नव्हता

अंतोनिओ साउरा (1930–1998) या स्पॅनिश चित्रकाराचं नाव निघालं की एक ठरलेलं वाक्य हमखास ऐकू येतं: त्यानं अमेरिकन ॲक्शन पेंटिंगची, म्हणजे अंगाच्या झोकात रंग फेकून-ओघळवून चित्र करण्याच्या शैलीची, नक्कल केली, हाताला येतील तसे फटकारे मारले आणि स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या सरकारनं त्याला मोठं केलं. एका दमात तीन आरोप आले की ते खरेच वाटायला लागतात. म्हणून एकेक सुटा करून बघायला हवा.

आधी नकलेचा. या शैलीचा बिनीचा चित्रकार जॅक्सन पोलॉक कॅनव्हास जमिनीवर अंथरून त्यावर रंग ओघळवायचा. त्याच्या त्या गाजलेल्या चित्रांत माणूस शोधून सापडत नाही. साउराच्या चित्रातून मात्र माणूस हटतच नाही. चेहरा असतो, बाईचा देह असतो, नाहीतर गर्दी. न्यूयॉर्कच्याच डी कूनिंग या चित्रकाराच्या स्त्री-चित्रांशी साउराचं नातं आहे, ते नाकारायचं कारण नाही. पण त्याच्या मनात घर करून बसलेली चित्रं माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातली होती. तिथला सतराव्या शतकातल्या वेलाझ्केझ या स्पॅनिश चित्रकाराचा क्रुसावरचा ख्रिस्त त्यानं लहानपणी पाहिला होता: मान झुकलेली, केसांनी अर्धा चेहरा झाकलेला, अंग शांत. साउराच्या 1959 च्या क्रुसावरच्या चित्रात ती शांतता पार फाटून गेली आहे. हात ताणलेले, देह पिळवटलेला, तोंड किंकाळीत उघडलेलं. यात भक्ती नाही; संकटात एकटा सापडलेला माणूस आहे. गोया या जुन्या स्पॅनिश चित्रकाराचं प्रादोमधलं ते कुत्रंही, नुसतं डोकं वर काढून रित्या पिवळसर अवकाशाकडे बघणारं, साउरानं पुन्हा पुन्हा रंगवलं. ही मुळं न्यूयॉर्कची कशी?

‘कसेही फटकारे’ हा आरोप त्याच्या आयुष्याकडे बघितलं तरी टिकत नाही. 1943 पासून क्षयानं त्याला जवळपास पाच वर्षं अंथरुणाला खिळवलं. त्याच आजारपणात, कुठल्याही कलाशाळेत न जाता, तो चित्रं काढायला शिकला. आणि 1965 मध्ये क्वेंका इथं त्यानं स्वतःचे सुमारे शंभर कॅनव्हास नष्ट केले. मनाला येईल ते खपवणारा माणूस असं करत नाही.

राहिलं सरकार. 1958 च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात स्पेनच्या दालनात त्याची चित्रं होती, आणि आधुनिक कला दाखवून जगात प्रतिष्ठा मिळवणं फ्रँको राजवटीला हवंच होतं, हे खरं. पण 1958 ते 1962 याच काळात साउरा फ्रँकोची टर उडवणारी रेखाटनं करत होता. सोळाव्या शतकातल्या ज्या दुसऱ्या फिलिपच्या साम्राज्याचे गोडवे राजवट गात होती, त्या राजाचं त्यानं पांढऱ्या झालरीच्या गळपट्टीत अडकलेलं भेसूर मुंडकं केलं. फ्रँको गेल्यावर 1976 मध्ये व्हेनिसलाच, 1936 पासूनची स्पॅनिश कला आणि तिच्या आसपासचं समाजवास्तव मांडणारं प्रदर्शन झालं. ते उभं करणाऱ्या गटात साउरा होता.