थायरॉईडशी जोडलेल्या डोळ्यांच्या आजारावरच्या जीन थेरपीबद्दल का लिहिलं? यावलच्या नानांना उत्तर

नाना, वादाचं नंतर बघू. बहिणीला डाव्या डोळ्याने लाल रंग फिका दिसतो, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. डोळ्यामागच्या सुजेने नस दाबली जात असेल तर असं होतं आणि त्यात नजर कायमची जाऊ शकते. आजच जळगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या आणि हे आधी सांगा.

आता तुमचा आक्षेप. "मुंबईतही न मिळणाऱ्या उपचारावर लिहून खान्देशातल्या पेशंटांना कशाला आशेला लावता?" तुमचा राग मला समजतो. माझ्या वहिनीला हाच आजार आहे. पापण्या पूर्ण मिटत नाहीत म्हणून ती रात्री डोळ्यात मलम घालून, वर चिकटपट्टी लावून झोपते.

तरी लिहिलं, कारण एका इंजेक्शनात बिघडलेलं जनुक दुरुस्त होतं असा लोकांचा समज आहे. या आजारात दुरुस्त करावं असं एखादं जनुक नसतंच. प्रतिकारशक्ती थायरॉईडवर उलटते, तशीच डोळ्यामागच्या पेशींवरही. तिथली चरबी नि स्नायू सुजतात, हाडाची खोबण पसरत नाही, मग डोळा पुढे येतो. या पेशींवरचा आयजीएफ-१ रिसेप्टर (संदेश घेणारं प्रथिन) अडवणाऱ्या टेप्रोटुमुमॅब या औषधाला अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली. दर तीन आठवड्यांनी एक, अशी आठ सलाइनं. खर्च लाखो डॉलर, वर काहींची साखर वाढते, काहींना ऐकू कमी येतं. जीन थेरपीची कल्पना अशी, की निरुपद्रवी केलेल्या विषाणूतून औषधाचं जनुकच पेशींत पोचवायचं, म्हणजे शरीर स्वतःच औषध बनवत राहील.

मला काळजी वाटते ती या 'बनवत राहील'ची. हा आजार साधारण सहा महिने ते दोन-तीन वर्षं पेटतो, मग बहुतेकांचा शांत होतो. सलाइन थांबवता येतं, पेशीत गेलेलं जनुक काढून घेता येत नाही. म्हणून म्हणतो, त्याची वाट बघत बसू नका.

सूज ताजी असताना शिरेतून दिलेल्या स्टेरॉईडचा उपयोग होतो. थायरॉईड ताब्यात हवं. आयोडीनच्या मिठाने डोळे आत जात नाहीत. सातपुड्याच्या पट्ट्यातला, आयोडीन कमी पडून होणारा जुना गलगंड वेगळा. रेडिओआयोडीन सुचवलं असेल तर डोळ्यांचं आधी सांगा, त्याने त्रास वाढू शकतो. आणि घरात कोणी बिडी ओढत असेल तर ती बाहेर ओढू दे. पेशंट स्वतः ओढत असेल तर आजपासून बंद.