मासे हलके असतात

मुलाला मासे हवे होते, मला घरात शांतता हवी होती. मासे बोलत नाहीत, एवढ्या एका गुणावर भाळून मी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकी ठरवून आलो.

"आपली जमीन लाकडी आहे. पेलेल?" बायकोने विचारलं.

"मासे असे कितीसे जड असणार?"

तिने कागद घेतला. १२ घनफूट म्हणजे ३४० लिटर, आणि एका लिटरचं वजन एक किलो. काच, वाळू, दगड, खालचा स्टँड धरून आकडा साडेचारशेच्या पुढे गेला. मासे यात धरलेच नव्हते. ते सगळे मिळून माझ्या चष्म्याइतके भरले असते.

घराची जमीन साधारण चौरस मीटरला २०० किलो धरून बांधतात. टाकी अर्ध्या चौरस मीटरहून जराशा जास्त जागेवर बसणार. भागाकार आठशेच्या आसपास आला. मी पुन्हा केला. आकडा हलेना.

मग मी प्रयोग केला. काठोकाठ भरलेला पेला जमिनीवर ठेवला आणि शेजारी उडी मारली. पाणी थरथरलं. दुसऱ्या उडीला सांडलं. तिसऱ्या उडीला खालच्या मजल्यावरचे आजोबा वर आले आणि दारातच उभे राहून माझ्या पायांकडे बघत राहिले.

अखेर सुतारकाकांना बोलावलं. "उडीने लचक कळते, ताकद नाही," ते म्हणाले. "आणि ते चौरस मीटरला दोनशे सबंध खोलीभर पसरलेल्या ओझ्याचे. एका जागी जास्त आलं म्हणून लगेच कोसळत नाही. आधी तुळया कुठून कुठे गेल्यात ते सांगा."

या घरात इतकी वर्षं काढली, पण आपण कशावर उभे आहोत हे मला ठाऊक नव्हतं. फळ्या तुळयांना आडव्या ठोकतात, तेव्हा खिळ्यांची रांग सापडली की तुळई सापडली. मी तासभर रांगत खिळे शोधले. काका तेवढ्यात खाली जाऊन आजोबांच्या छताकडे बघून आले. तिथे तुळया उघड्याच होत्या.

त्यांनी तुळयांची टोकं स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहिली, कारण भिंतीत शिरते तिथेच तुळई ओल धरते आणि कुजते. ती शाबूत निघाली. "टाकी मध्ये नको. तुळया ज्या भिंतीवर टेकल्यात तिला लागून ठेवा, तुळयांना आडवी. म्हणजे तीन-चार तुळया भार वाटून घेतील. तुळईच्या लांबीत ठेवलीत, तर एकटीच मरेल."

"पण सहा-सात पाहुणे मध्येच बसतात की!"

"पाहुणे उठतात, साहेब. टाकी उठत नाही. लाकूड कायमच्या ओझ्याखाली हळूहळू वाकत जातं, आणि ओझं काढलं तरी पुरतं सरळ होत नाही."

हे ऐकताना बायको माझ्या पाठीकडे का बघत होती, कळलं नाही.

काकांनी दाखवलेल्या जागी पुस्तकांचं कपाट होतं. ते हलवलं, पाणसळ लावून स्टँडखाली पाचरी मारल्या (टाकी तिरकी बसली तर काचेवर ताण येतो), आणि मासे आले. ते खरंच बोलत नाहीत.

बोलतो मी. परवा मामा आले आणि खोलीच्या मधोमध खुर्ची ओढून ऐसपैस बसले. मामी त्यांच्या शेजारी. दोघंही एकाच तुळईवर.

"मामा," मी म्हणालो, "जरा भिंतीकडे सरकता? आणि मामी, तुम्ही त्या पलीकडच्या खिळ्यांवर."