रामन राघवला फाशी झाली नाही, ते योग्यच झालं

सीरियल किलर रामन राघवचा विषय निघाला की ४१ खुनांची कबुली आणि कोठडीत त्याने मागितलेली कोंबडी, या दोन गोष्टी सगळ्यांना पाठ असतात. मग हमखास कुणीतरी म्हणतं, "एवढं करूनही फासावर लटकवला नाही!" मला हे पटत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

१९६८ साली मुंबईच्या उत्तर उपनगरांत रात्री झोपलेल्या माणसांची डोकी फोडली जात होती. मेलेले बहुतेक झोपड्यांतले, हातावर पोट असलेले. त्यांची नावं आज कुणाला आठवत नाहीत, मारणाऱ्याचं तेवढं राहिलं. याची मला खरंच चीड येते.

ऑगस्टमध्ये तो सापडला, १९६९ मध्ये सेशन्स कोर्टात खटला चालला. बचावाचं म्हणणं असं, की आपण माणूस मारतोय हे त्याला कळत होतं, पण ते कायद्याविरुद्ध आहे हे कळण्याच्या अवस्थेत तो नव्हता. मनोरुग्ण अवस्थेतलं कृत्य गुन्हा न मानणाऱ्या, दंड संहितेच्या कलम ८४ मधला कळीचा मुद्दाच हा. पोलीस सर्जननी जवळपास महिनाभर निरीक्षण करून त्याचं डोकं ठिकाणावर असल्याचा निर्वाळा दिला. नायर हॉस्पिटलच्या मानसोपचारतज्ज्ञांनी जुनाट पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया, म्हणजे भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार, असल्याची साक्ष दिली. कोर्टाने ती मानली नाही. फाशी सुनावली.

त्याने अपीलही केलं नाही. ढोंग करत होता म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

हायकोर्टाने मात्र फाशी कायम करण्याआधी तीन मानसोपचारतज्ज्ञांचं मंडळ नेमायला लावलं. त्यांनी पाच वेळा, दर खेपेला सुमारे दोन तास, त्याच्याशी बोलून घेतलं. दुनिया दोन आहेत, एक कानूनची आणि एक ही. लोक मला बाई करायला टपलेत, पण मी १०१ टक्के पुरुष आहे, असं तो सांगत राहिला. शेवटच्या भेटीत डॉक्टर निरोपाचा हात मिळवायला गेले, तर त्याने नकार दिला. मी कानूनचा प्रतिनिधी, या दुष्ट दुनियेतल्या माणसांना शिवणार नाही, म्हणाला. मंडळाचं निदान नायरच्या डॉक्टरांचंच निघालं.

शिक्षा जन्मठेपेवर आली ती थेट १९८७ मध्ये. १९९५ मध्ये ससूनला किडनीच्या आजाराने तो गेला. त्याला मोकळं सोडायला हवं होतं असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण कोर्टात एका डॉक्टरने सांगितलेला आजार मान्य व्हायला अठरा वर्षं का लागावीत? कलम ८४ च्या जागी आता न्याय संहितेचं कलम २२ आलंय, कसोटी जुनीच आहे. निदान अशा खटल्यांत तरी तज्ज्ञांचं मंडळ निकालाआधी बसवा.