गोळ्यांमुळे शुगरचे रुग्ण वाढले म्हणे! हा हिशोबच उलटा आहे

एका फॉरवर्डवर विश्वास ठेवून माझ्या आत्याने शुगरच्या गोळ्या बंद केल्या. तो तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: आजोबांच्या काळात मधुमेह नव्हता, देशात दहा कोटी मधुमेही आहेत हा आकडा कुणीतरी कॉम्प्युटरवर बसून काढलाय, शुगरची मर्यादा खाली आणून धडधाकट माणसांना रुग्ण ठरवलं, आणि गोळ्या वाढल्या तसे रुग्णही वाढले, म्हणजे आजार गोळ्यांनीच होतो, सबब त्या आजच बंद करा. पुरावा म्हणून गोवा: डॉक्टर भरपूर, औषधं भरपूर, आणि मधुमेह देशात सगळ्यांत जास्त तिथेच.

गोळ्यांचा मुद्दा सगळ्यांत घातक, म्हणून आधी तोच घेते.

एखाद्या वेळी समाजात किती मधुमेही सापडतील हे दोन गोष्टींवर ठरतं: वर्षाला नवे किती होतात, आणि झालेला माणूस त्या आजारासह किती वर्षं जगतो. मधुमेह बहुतेकांचा पुरता जात नाही, त्यामुळे यादीतून नाव कमी होतं ते मुख्यतः मृत्यूनेच. आता कागदावर मांडून बघा. समजा एका तालुक्यात दरवर्षी १०० जणांना नव्याने मधुमेह होतो आणि त्यानंतर ते सरासरी ८ वर्षं जगतात. काही काळाने तिथे कधीही मोजलं तरी साधारण ८०० मधुमेही सापडतील. पुढे औषधपाणी सुधारलं, तीच माणसं १६ वर्षं जगू लागली. नवे रुग्ण वर्षाला १००च, पण मोजणीत १,६०० येणार. मधुमेह होण्याचं प्रमाण तसूभरही वाढलेलं नाही. हे जादा ८०० म्हणजे आधीच्या परिस्थितीत जी माणसं एव्हाना गेली असती, ती. जिवंत राहिलेल्या माणसांकडे बोट दाखवून फॉरवर्ड सांगतो की बघा, औषधाने आजार वाढला!

खरं उदाहरण घ्या. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचलं गेलं. या उपचाराचा तो पहिला रुग्ण. तोवर अशी मुलं निदानानंतर वर्ष-दोन वर्षांत दगावायची. हा मुलगा आणखी १३ वर्षं जगला, आणि त्यातल्या प्रत्येक वर्षी मधुमेहींच्या संख्येत एकाने भर पडली. ती भर नको होती का?

गोळ्यांचं म्हणाल तर ब्रिटनच्या यूकेपीडीएस अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. वजन जास्त असलेल्या मधुमेहींमध्ये ज्यांना मेटफॉर्मिन दिलं, त्यांच्यातले एकूण मृत्यू प्रामुख्याने पथ्यावर ठेवलेल्यांपेक्षा ३६ टक्क्यांनी कमी होते. आत्याने बंद केली ती हीच गोळी.

आता गोवा. आकडा बरोबर आहे, २६.४ टक्के. पण तो आला कुठून? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब सर्वेक्षणातून. आणि कॉम्प्युटरवर काढलेले म्हणून हिणवलेले दहा कोटीही त्याच सर्वेक्षणातले! एकाच निबंधातला एक आकडा थाप आणि दुसरा पुरावा, हे कसं चालेल? २००८ ते २०२० या काळात ३१ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत मिळून १,१३,०४३ प्रौढांची पाहणी झाली, त्यांची शुगर तपासली गेली. त्यातून ११.४ टक्के हे प्रमाण निघालं आणि ते २०२१च्या लोकसंख्येला लावून १०.१ कोटी. शेवटची पायरी अंदाजाची आहे, राज्यांची पाहणी वेगवेगळ्या वर्षांत झाली हेही खरं. पण मुळात माणसं तपासली आहेत. आणि ज्यांना आपल्याला मधुमेह आहे याचा पत्ता नव्हता तेही यात सापडतात, म्हणजे गावात डॉक्टर किती यावर हा आकडा अवलंबून नाही.

मग गोव्यात एवढा का? एक कारण वय. २०११च्या जनगणनेत गोव्यात साठीपुढचे ११.२ टक्के होते, उत्तर प्रदेशात ७.७. वयाबरोबर मधुमेह वाढतो, म्हणून दोन राज्यांची तुलना करायची तर आधी वयाचा फरक काढून टाकावा लागतो. वयाने सगळं उलगडत नाही. शहरी राहणी, हातात आलेला पैसा, बैठी कामं हेही आहेच. उत्तर प्रदेशात मधुमेह ४.८ टक्के, पण मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे १८ टक्के, देशाच्या १५.३ टक्क्यांहून जास्त. ते राज्य सुटलेलं नाही, मागून येतंय.

आजोबांच्या काळाबद्दल फार लिहीत नाही. मधुमेहाचं वर्णन सुश्रुतसंहितेत आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास सरासरी आयुर्मान ३२ वर्षं होतं, आता ते सत्तरच्या घरात आहे. त्या ३२ मागे बालमृत्यूंचा मोठा वाटा होता, तरी साठी गाठणारे आजच्यापेक्षा खूपच कमी होते आणि रक्त तपासणारे त्याहून कमी.

मर्यादेचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, तो मान्य करावा लागेल. १९९७ साली अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने उपाशीपोटीच्या शुगरची मर्यादा १४० वरून १२६ केली, १९९९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही ती घेतली. त्या वेळी काही माणसं एका रात्रीत मधुमेही झाली. कारण दिलं होतं ते डोळ्यांचं: पडद्याला होणारी इजा १४० च्या खूप आधी सुरू होते. पण तेव्हापासून आजवर ती मर्यादा १२६च आहे. पुढच्या पंचवीस वर्षांतली वाढ तिच्या माथी कशी मारणार?

वाद घालण्याजोगी जागा वेगळीच आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये एनसीडी-रिस्क या संशोधक गटाने भारतात २१.२ कोटी मधुमेही असल्याचं मांडलं, इंडियाबच्या दुपटीहून जास्त. इंडियाबने उपाशीपोटीची आणि ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनंतरची शुगर धरली. या गटाने उपाशीपोटीची शुगर किंवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी शुगर सांगणारी रक्तचाचणी), यांपैकी एक जरी वर असलं तरी मधुमेही मोजला. लोहाच्या कमतरतेत एचबीए१सी विनाकारण वर दिसू शकतं, आणि आपल्याकडे ही कमतरता घरोघरी आहे. २०२२ मध्ये देशात साठीपुढचे १०.५ टक्के होते, २०५० पर्यंत ते २०.८ टक्के होतील असा अंदाज आहे. तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रांत किती औषध ठेवायचं, डोळे आणि मूत्रपिंडं तपासायला किती माणसं लागतील, हे १० कोटी धरून ठरवायचं की २१, यावर भांडा.