मनोधैर्य कोणाचं? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जखमी झालेल्या आपल्या शिपायांवरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत, ‘देवळालीच्या तोफांचा आवाज ऐकत वाढलेल्या नाशिककराला हे शोभत नाही. शौर्य सांगा, जखमा कशाला उकरता? अशाने जवानांचं मनोधैर्य खचतं.’ रागाने लिहिलंत, पण पूर्ण लेख वाचून लिहिलंत, म्हणून सविस्तर उत्तर देते.

तोफा कुठे लावल्या, तुकडी कधी हलणार, हे युद्धात लपवावंच लागतं. त्याबद्दल माझी तक्रार कधीच नव्हती.

तक्रार आहे ती एका तारेबद्दल. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला ब्रिटिशांच्या हिंदी फौजेतली सहावी पूना डिव्हिजन तुर्कांशी लढली. तिच्यात मराठा पलटणी होत्या. हजारो माणसं जखमी झाली. वर तार गेली की जखमींची व्यवस्था समाधानकारक आहे, वैद्यकीय खात्याने अडचणीतही उत्तम काम केलं. आणि बसरा बंदरात मेजर कार्टर नावाचे लष्करी डॉक्टर मेजिदिए ही जखमींची बोट येताना पाहत होते. लांबून त्यांना वाटलं, बोटीच्या कडांवरून दोर लोंबताहेत. जवळ आल्यावर कळलं, ती वाळलेली विष्ठा होती. माणसं इतकी खेचून भरली होती की प्रातर्विधीला हलायलाही जागा नव्हती. कार्टरनी तक्रार केली, तेव्हा वरिष्ठांनी त्यांनाच दटावलं: तोंड बंद ठेवा, नाहीतर हाताखालचं रुग्णजहाज काढून घेऊ. १९१७ मध्ये चौकशी आयोगाच्या अहवालातून हे सगळं जगापुढे आलं आणि ब्रिटिश सरकारातले भारतमंत्री चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला.

आता सांगा, त्या तारेने मनोधैर्य राखलं ते कोणाचं? बोटीवरच्या शिपायाच्या हाती ती पडणारच नव्हती. सगळं उत्तम चाललंय असं कळवल्यावर आणखी बोटी, डॉक्टर, मलमपट्टी कोण पाठवणार? त्या खोटेपणाची किंमत पहिल्यांदा त्या शिपायानेच मोजली.

‘शंभर वर्षांपूर्वीचं इंग्रजांचं पाप’ असंही तुम्ही म्हणता. मे २०२५ मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षातली ती रात्र आठवा. आपल्याकडच्या काही वाहिन्या पाकिस्तानातलं कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं ओरडून सांगत होत्या. तसं काही झालंच नव्हतं. आमच्या गल्लीत तोफखान्यातून निवृत्त झालेले एक हवालदारकाका राहतात, कारगिलला तोफेवर होते. त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही, म्हणून मी नेहमी उजवीकडे बसते. त्यांचा मुलगा जम्मूकडे आहे. त्या रात्री त्यांच्या घरी टीव्ही बंद होता आणि काकू मोबाईल मांडीवर घेऊन पहाटेपर्यंत बसल्या होत्या. सकाळी काका एवढंच बोलले, “कारगिलला कानातून रक्त यायचं. घरी लिहायचो, मजेत आहे.”

आईला काळजी नको म्हणून शिपाई ‘मजेत आहे’ लिहितो, तो त्याचा हक्क. दुसऱ्या कोणी ते त्याच्या नावाने लिहू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

तुमचा एक मुद्दा मात्र बरोबर आहे. मराठा पलटणी टेसिफॉनला कशा लढल्या, यावर मी दोनच ओळी लिहिल्या. तो भाग या आठवड्यात वाढवते. बोटीचा परिच्छेद आहे तसाच राहील.