लायनर जाड होते, तरी हँडब्रेकचे शू का बदलले?

काका, नमस्कार.

एका डॉक्टरांच्या पोर्शे ९११ एससीचे हँडब्रेकचे शू, म्हणजे ड्रमला आतून टेकून चाक धरणारे अर्धगोल तुकडे, मी बदलले. त्या कामावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं असं: फोटोत लायनर (शूवरचं घर्षणाचं अस्तर) चांगले तीन मिलीमीटर शिल्लक दिसतायत, असे शू काढून टाकणं ही पैशाची नासाडी. बदलायचेच होते तर चिपळुणात जुन्याच शूवर लायनर मारून मिळाले असते, परदेशातून मागवायची गरज नव्हती. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावला की हँडब्रेकचं काम उरतंच कुठे? आणि शेवटी, ‘पावसाळ्यात हँडब्रेक ओढून ठेवू नका असं तुम्हीच लिहिता, मग नवे शू कशाला?’ गॅरेजात आयुष्य काढलेला माणूस हे विचारतो तेव्हा दोन ओळींत उत्तर देणं मला बरं वाटलं नाही.

आपला खरा मतभेद जाडीवर आहे, म्हणून आधी तेच. अँबेसिडर, पद्मिनी, मारुती ८०० या गाड्यांच्या मागच्या ड्रममध्ये पायाचा ब्रेक आणि हँडब्रेक एकाच शूवर चालतात. ते शू रोज घासले जातात, त्यामुळे लायनर किती उरलं यावरून शूचं आयुष्य सांगता येतं. तुमचा हात या गाड्यांवर बसलेला आहे आणि त्या गाड्यांसाठी तुमचं माप बरोबर आहे. ९११ ची रचना मात्र वेगळी. तिच्या मागच्या चाकांना डिस्क आहेत आणि पायाचा ब्रेक त्या डिस्कवर लागतो. हँडब्रेकसाठी डिस्कच्या मधल्या फुगीर भागाच्या आत १८० मिलीमीटर व्यासाचा स्वतंत्र छोटा ड्रम आहे, त्यात वेगळे शू. गाडी उभी राहिल्यावरच हे शू ड्रमला टेकतात. घासलेच जात नाहीत, तर झिजतील कसे? अशा शूचं लायनर जाड दिसणं यात नवल नाही, आणि त्यावरून शू चांगला आहे असंही ठरत नाही.

हे शू आपल्याकडे गंजाने जातात. इथे कोकणात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि पाऊस नसेल तेव्हा खारा वारा असतोच. बाहेरच्या डिस्कवर रात्रीत गंज धरला तरी सकाळी दोनचार ब्रेक मारले की पॅड तो पुसून काढतात आणि डिस्क तापून ओल उडते. आतल्या ड्रमला ना घर्षण मिळतं ना उष्णता. ओल आत शिरते आणि तिथेच मुरते. शूच्या लोखंडी पाठीवर लायनर चिकटवलेलं असतं; त्या जोडाच्या कडेला गंज सुरू होतो आणि आत सरकत जातो. लोखंड गंजलं की फुगतं, आणि लायनरला खालून उचलतं. वरून पाहणाऱ्याला मात्र पूर्ण जाडीचं, धडधाकट लायनर दिसत राहतं.

फोटो समोरून काढलेला होता, त्यामुळे कड तुम्हाला दिसली नसणार. डाव्या चाकाच्या एका शूवर फीलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचं) सगळ्यांत पातळ पान लायनर आणि लोखंड यांच्यामध्ये सहज आत गेलं, जवळजवळ अर्ध्या लांबीपर्यंत. असं लायनर एक दिवस सुटतं. सुटलेला तुकडा शू आणि ड्रमच्या फटीत अडकला की धावत्या गाडीचं मागचं चाक जागच्या जागी आवळलं जातं. ९११ चं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे बसवलेलं आहे. पावसात कुंभार्ली घाटाच्या वळणावर अशा गाडीचं मागचं एक चाक अडकलं तर काय होईल, ते मी तुम्हाला सांगायला नको. शू बदलायला माझ्यासाठी एवढं एक कारण पुरे होतं. बाकीची कारणं नंतरची.

आता लायनर मारण्याबद्दल. चिपळूणच्या कारागिरांच्या हाताबद्दल मला शंका नाही. अँबेसिडरचे शू मी स्वतः तिथूनच करून आणतो. पण लायनर मारायचं तर खालचं लोखंड निरोगी हवं. या शूच्या पाठीवर गंजाने खड्डे पडले होते, वायर ब्रशने घासल्यावर ते उघडे पडले. खड्ड्यांवर लायनर चिकटवलं तर त्याला सलग पकड मिळत नाही, आणि चिकटवणं म्हणजे नुसता गोंद लावणं नव्हे. दाब आणि उष्णता ठरलेल्या मापाने द्यावी लागते. रिव्हेट मारावेत तर हा शू इतका लहान, की भोकांमुळे पकडीची जागाच कमी होते. शिवाय हे दोन शू एकमेकांना ढकलतात. फिरू पाहणारा ड्रम पहिल्या शूला सोबत ओढतो, पहिला शू दोघांमधल्या ॲडजस्टरमार्फत (शूमधलं अंतर कमीजास्त करणाऱ्या भागामार्फत) दुसऱ्याला रेटतो, आणि हाताच्या थोड्या जोरात पकड कितीतरी वाढते. गाडी पुढे घसरो वा मागे, हे दोन्ही दिशांना घडतं. अशा जोडीत एका शूचं लायनर वेगळ्या जातीचं किंवा वेगळ्या गोलाईचं निघालं तर दोन चाकांची पकड सारखी राहत नाही. लोखंड शाबूत असतं तर मी तुमच्याच वाटेने गेलो असतो.

गिअर आणि दगड. गिअरमध्ये ठेवलेली गाडी इंजिनमधल्या दाबलेल्या हवेच्या जोरावर उभी असते. ती हवा हळूहळू रिंगांमधून निसटते आणि तीव्र उतारावर गाडी थोडी थोडी सरकू शकते. म्हणून गिअर हँडब्रेकच्या जोडीला असावा, त्याच्या जागी नव्हे. दगडाचं म्हणाल, तर आपल्याकडे हाताशी येतो तो जांभा. मऊ जांभ्याचा कोपरा चाकाखाली भुगा होतो आणि पावसाळ्यात शेवाळलेला तुकडा चाकासकट घसरतो. बरं, चाकाखाली दगड ठेवायला उतरायची सोय प्रत्येक ठिकाणी असते का? दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने जाताना जेट्टीच्या उतारावर रांग लागते, पुढची गाडी चढेपर्यंत आपण लटकलेले. घाटात ट्रकच्या मागे थांबून पुन्हा चढणीवर गाडी उचलायची तर क्लच आणि हँडब्रेक मिळूनच ते काम होतं. आणि तेलाचा ब्रेक दगा देईल त्या दिवशी तारेवर चालणारा हाच एक ब्रेक हातात उरतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्येही पायाच्या ब्रेकखेरीज वेगळा पार्किंग ब्रेक सक्तीचा आहे, तो उगाच नाही.

ड्रम उघडताना मी वापरलेल्या मास्कला आणि पाण्याच्या फवाऱ्याला तुम्ही ‘फोटोपुरता देखावा’ म्हटलंत. इथे मी ठाम आहे. त्या काळातल्या पुष्कळ लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. त्याची धूळ डोळ्यांना दिसेलच असं नाही, आणि फुप्फुसाचा आजार उमटायला कित्येक वर्षं जातात. ड्रम कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकायची सवय आपल्या गॅरेजांतून गेली पाहिजे. ओलं करा, फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. तुमच्या हाताखालच्या पोरांना तरी हे करायला लावा, एवढी विनंती.

जुळवणीचा क्रम तुम्ही विचारला होता, तो थोडक्यात. कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) सोडल्यावर तारेने टांगायचा, होजवर, म्हणजे ब्रेक-तेलाच्या रबरी नळीवर, लोंबकळू द्यायचा नाही. डिस्कचे दोन स्क्रू खाऱ्या हवेत हमखास जाम होतात. साध्या स्क्रू ड्रायव्हरने त्यांची डोकी खराब करण्यापेक्षा इम्पॅक्ट ड्रायव्हर (हातोडीच्या ठोक्याने फिरणारा) वापरा. शू बसवण्याआधी हँडब्रेकची केबल पूर्ण ढिली हवी. मग डिस्कच्या भोकातून ॲडजस्टरची दातेरी चकती फिरवायची: डिस्क हाताने फिरेनाशी होईपर्यंत आवळायची, आणि मोकळी फिरेपर्यंत मागे घ्यायची. दोन्ही बाजू झाल्या की मगच केबल. उलट्या क्रमाने केलं तर केबल ताणलेली राहते आणि शू कायम टेकलेले. शेवटी मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगात, लिव्हरचं बटण दाबून धरत हलकेच ओढून नवे शू ड्रमला बसवून घ्यायचे.

राहिला तुमचा शेवटचा मुद्दा, पावसाळ्यात हँडब्रेक न ओढण्याचा. मी लिहिलं ते चार महिने शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या गाडीबद्दल. ओढलेले शू ओलसर ड्रमला चिकटून बसतात आणि पावसानंतर चाक सुटता सुटत नाही, म्हणून सपाट जमिनीवर, पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावून गाडी ठेवायची आणि लिव्हर खाली. उतारावर, जेट्टीवर, बाजारात गाडी उभी करताना मात्र हँडब्रेक ओढायचाच, भर पावसातसुद्धा. डॉक्टरांची गाडी गणपतीनंतर पुन्हा रस्त्यावर येईल तेव्हा ड्रम उघडून नव्या शूच्या कडा तपासणार आहे. या वेळी फोटो कडेनेच काढीन.