मावशीच्या फोनमधली फॉइल आणि तो मेसेज

गेल्या महिन्यात मावशीला फोन लागेना. लागलाच तर मध्येच आवाज तुटायचा. भेटायला गेले तेव्हा तिचा फोन हातात घेतला, मागचं कव्हर काढलं, तर आतून चंदेरी फॉइलची घडी खाली पडली. अगदी मापात कापलेली, कोपरे दुमडलेली. "अगं, राहू दे ते," मावशी म्हणाली, "रेडिएशन अडतं त्याने." मग तिने तो मेसेज उघडून दाखवला. तुमच्यापैकी बहुतेकांकडे तो कधी ना कधी आला असेलच:

"सावधान! मोबाईल म्हणजे खिशातली अणुभट्टी. त्यातून सतत किरणोत्सर्ग होतो. जागतिक आरोग्य संघटनेनेच त्याला कॅन्सरकारक ठरवलं आहे. दोन फोनच्या मध्ये अंडं ठेवलं तर तासाभरात शिजतं, मग मेंदूचं काय होत असेल? बॅटरी शेवटच्या दांडीवर असताना फोन उचलू नका, तेव्हा किरणोत्सर्ग हजारपट असतो. नेहमी डाव्या कानाने बोला. टॉवरजवळ राहणाऱ्यांना डोकेदुखी आणि निद्रानाश होतो. फाइव्ह-जीच्या चाचणीत शेकडो पक्षी मेले. फोन उशाशी ठेवू नका. रेडिएशनरोधक स्टिकर लावा. आपल्या माणसांना पाठवा."

मावशी भोळी नाही. तीस वर्षं तिने वर्गात पोरांना शिकवलंय. पण हा मेसेज तिच्या भाषेत होता आणि तिची काळजी करणाऱ्या माणसांकडून आला होता. अशा माणसांवर आपण संशय घेत नाही. म्हणून यातला एकेक दावा हातात घेऊन बघणं मला गरजेचं वाटतं.

"किरणोत्सर्ग होतो." सगळी भीती या एका शब्दात दडली आहे. किरणोत्सर्ग म्हटलं की आपल्याला युरेनियम, अणुस्फोट, चेर्नोबिल आठवतं. पण इंग्रजीतल्या 'रेडिएशन'ला शास्त्राच्या पुस्तकांत 'प्रारण' असा शब्द आहे आणि त्यात बरंच काही येतं: दिव्याचा उजेड, शेकोटीची ऊब, रेडिओच्या लहरी, क्ष-किरण, सगळंच. प्रश्न एवढाच, की त्या प्रारणाच्या एका कणात, म्हणजे फोटॉनमध्ये, ऊर्जा किती. क्ष-किरणांच्या फोटॉनमध्ये रेणूतून इलेक्ट्रॉन उडवून लावण्याइतकी ऊर्जा असते, त्यामुळे डीएनए तुटू शकतो. अतिनील किरणांच्या वरच्या टोकापासून ही ताकद सुरू होते. मोबाईलच्या लहरी या रांगेत पार दुसऱ्या टोकाला, रेडिओच्या बाजूला आहेत. २ गिगाहर्ट्‌झच्या लहरीच्या एका फोटॉनमधली ऊर्जा साध्या डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाच्या फोटॉनपेक्षा सुमारे तीन लाख पट कमी असते. तुमच्या खोलीतला दिवा डीएनए तोडत नाही, मग त्याच्या लाखो पट दुबळा कण कसा तोडेल? या लहरींचा शरीरावरचा जो परिणाम पक्का सिद्ध झालेला आहे तो म्हणजे किंचित उष्णता. फोनसाठी ठरवलेल्या मर्यादाही त्यावरूनच, भरपूर सुरक्षित अंतर राखून आखल्या आहेत.

"जागतिक आरोग्य संघटनेनेच ठरवलं आहे." हा दावा सगळ्यांत घातक, कारण त्यात अर्धं खरं आहे. मे २०११ मध्ये संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, रेडिओ लहरींना '२बी' गटात टाकलं. या गटाचा अर्थ 'कदाचित कॅन्सरकारक असू शकेल, पुरावा मर्यादित आहे'. तंबाखू, दारू आणि ऊन 'गट १' मध्ये आहेत, कारण तिथे पुरावा पक्का आहे. '२बी' मध्ये मोबाईलच्या शेजारी कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही बसलेला आहे. शिवाय ही यादी धोक्याचं प्रमाण सांगतच नाही. एखाद्या गोष्टीने कॅन्सर होऊ शकतो याचा पुरावा किती भक्कम आहे, एवढंच ती सांगते.

२०११ मध्ये तरी हा गट का दिला? एक मुख्य कारण १३ देशांतला इंटरफोन अभ्यास. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकूण पाहता फोन वापरणाऱ्यांमध्ये मेंदूच्या गाठी वाढलेल्या दिसल्या नाहीत. पण सर्वांत जास्त बोलणाऱ्या दहा टक्क्यांत थोडी वाढ दिसली, आणि मेसेज लिहिणाऱ्यांनी तेवढंच उचललं. हा अभ्यास आठवणीवर उभा होता: गाठ झालेल्या माणसाला विचारायचं, गेल्या दहा वर्षांत तू किती बोललास? आपण आजारी का पडलो याचं कारण शोधणारा माणूस आकडा वाढवून सांगतो, यात त्याचा दोष नाही. काहींनी तर दिवसाला पाच तासांहून जास्त बोलल्याचं सांगितलं होतं. अशा चुकांमुळे यातून कार्यकारणभाव काढता येत नाही, असं संशोधकांनी स्वतःच नोंदवलं.

त्यानंतर जे झालं ते मेसेजमध्ये येत नाही. कॉसमॉस नावाच्या अभ्यासात युरोपातल्या पाच देशांतल्या अडीच लाखांहून अधिक लोकांची आधी नोंद केली, मग पुढे वर्षानुवर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. म्हणजे आठवणीचा घोळच उरला नाही. २०२४ मध्ये निकाल आला: भरपूर बोलणाऱ्यांमध्ये मेंदूच्या गाठी जास्त नव्हत्या. त्याच वर्षी खुद्द जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला आढावा प्रसिद्ध झाला. १९९४ ते २०२२ मधले ६३ अभ्यास तपासून त्याने सांगितलं की मोबाईल आणि मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध दिसत नाही, दहा वर्षांहून जास्त वापर असलेल्यांमध्येही नाही. संघटनेचं नाव घेऊन घाबरवायचं असेल, तर तिनेच करवून घेतलेल्या आढाव्याचं म्हणणंही सांगायला हवं. ते लपवणं हा खोटेपणाच आहे.

उंदरांचा प्रयोगही पुढे केला जातो, म्हणून त्याबद्दलही सांगते. अमेरिकेत २०१८ मध्ये संपलेल्या त्या प्रयोगात उंदरांच्या अख्ख्या शरीरावर रोज नऊ तास, दोन वर्षांपर्यंत लहरी सोडल्या, माणसाला मिळतात त्याहून कितीतरी तीव्र. नर उंदरांच्या हृदयात काही गाठी सापडल्या. माद्यांमध्ये असा स्पष्ट परिणाम दिसला नाही. आणि लहरी झेललेले नर उंदीर न झेललेल्यांपेक्षा जास्त जगले. या प्रयोगावर आणखी संशोधन व्हावं, जरूर व्हावं. पण त्याच्या आधारावर आईला 'फोनला हात लावू नकोस' म्हणणं चूक आहे.

अंडं शिजत नाही. २००० साली एका ब्रिटिश वेबसाइटने केलेली ती थट्टा होती. २००८ मध्ये फोनच्या लहरींवर मक्याचे दाणे फुटताना दाखवणारे व्हिडिओ आले, तीही हेडसेट विकणाऱ्या एका कंपनीची जाहिरात निघाली. मायक्रोवेव्ह भट्टीची ताकद सुमारे ८०० वॅट, तर फोर-जी फोनची जास्तीत जास्त ०.२ वॅट. चार हजार फोन पूर्ण ताकदीने चालवून त्यांची सगळी ऊर्जा एकाच अंड्यात कोंडली, तरच बरोबरी होईल. आणि दोन फोन एकमेकांशी थेट बोलतही नाहीत, दोघेही टॉवरशी बोलतात.

बॅटरीच्या दांडीचं मात्र नीट समजून घ्या, कारण इथे कुणीतरी एक खरी गोष्ट चुकीच्या जागी नेऊन ठेवली आहे. फोनच्या पडद्यावर दोन ठिकाणी दांड्या असतात, एक बॅटरीची आणि एक सिग्नलची. बॅटरी संपत आली म्हणून फोन लहरींचा जोर वाढवत नाही. सिग्नल दुबळा असेल तर मात्र वाढवतो. आपण लांबच्या माणसाशी ओरडून बोलतो तसंच हे. टॉवर जवळ असेल तर फोन कुजबुजतो. जुन्या टू-जी फोनमध्ये या दोन टोकांतला फरक शेकडो पट होता, नंतरच्या पिढ्यांत त्याहून जास्त. आता मावशीची फॉइल आठवा. तिने सिग्नलची वाट अडवली आणि फोन दिवसभर ओरडत राहिला. म्हणून बोलणं तुटत होतं, म्हणून दुपारपर्यंत बॅटरी बसत होती. ज्या लहरी कमी व्हाव्यात म्हणून तिने फॉइल घातली, त्या तिने स्वतःच वाढवल्या होत्या. बाजारातल्या स्टिकरबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, नेमकं हेच सांगून ठेवलं आहे.

स्टिकरपेक्षा वाईट वस्तूही विकल्या जातात. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने दहा वस्तूंबद्दल इशारा दिला. फाइव्ह-जीपासून वाचवतो असं सांगून विकलेली पदकं, बांगड्या, झोपताना डोळ्यांवर बांधायची पट्टी, असल्या त्या वस्तू. तपासणीत त्या किरणोत्सारी निघाल्या. इथे हा शब्द त्याच्या खऱ्या अर्थाने लागू पडतो: लोकांनी घाबरून पैसे मोजले आणि जे टाळायचं होतं तेच अंगावर बांधून घेतलं. त्या विक्रेत्यांबद्दल माझ्या मनात फक्त संताप आहे.

डाव्या कानाचं काय? मेंदू दोन्ही कानांच्या मध्ये आहे, दोन्हीपासून सारखाच. आणि पक्षी? २०१८ च्या शरदात नेदरलँड्सच्याच हेग शहरातल्या एका बागेत शेकडो साळुंकीवर्गीय पक्षी मेले, हे खरं. त्या शहरातली फाइव्ह-जीची चाचणी त्याआधी काही महिने, जूनमध्ये, एका दिवसापुरती झाली होती.

आता टॉवर. मावशीच्या घरासमोरच्या इमारतीवर गेल्या वर्षी तो उभा राहिला. २००६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मोजमापं एकत्र करून सांगितलं की लोकांच्या वावराच्या जागी टॉवरच्या लहरी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या ०.००२ ते २ टक्के एवढ्याच असतात. सारख्याच तीव्रतेला आपलं शरीर एफएम रेडिओ आणि टीव्हीच्या लहरी मोबाईलच्या लहरींपेक्षा पाचपटीपर्यंत जास्त शोषतं, आणि त्या लहरींत आपण कित्येक दशकं राहतोय. टॉवरचा अँटेना दीपगृहासारखा लांबवर फेकतो, पायाशी त्याचा झोत जवळजवळ पडतच नाही. आणि वर म्हटलं तसं, टॉवर जितका दूर तितका कानाला लावलेल्या फोनचा जोर जास्त. मोर्चा काढून टॉवर हटवणाऱ्यांना हे कुणीतरी आधी सांगायला हवं.

"पण मला होतं ना डोकं जड," मावशी म्हणाली. होतं, आणि ते खरं आहे. लहरींचा त्रास होतो असं सांगणाऱ्या माणसांवर प्रयोग झाले आहेत: लहरी चालू आहेत की बंद हे त्यांनाही ठाऊक नाही, समोरच्या संशोधकालाही नाही. २०१० पर्यंतच्या अशा ४६ प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा त्यांना हा फरक ओळखता येतो असा भक्कम पुरावा मिळाला नाही. बंद असतानाही त्रास व्हायचा, आणि तो त्रास खोटा नव्हता. लहरी आहेत ही समजूतच डोकं दुखवायला पुरेशी ठरत होती. म्हणजे हा मेसेज पुढे ढकलणारा माणूस आपल्याच माणसांना आजारी पाडू शकतो.

उशाशी फोन ठेवू नका, हा सल्ला मात्र मी मान्य करते. कारण वेगळं आहे: झोप. रात्री दोनला उजळणारा पडदा, 'एकच बघते' म्हणून गेलेला तास, उद्याच्या कामाची आलेली सूचना. फोनमुळे माणसं मरतात तीही लहरींनी नाही, रस्त्यावर. गाडी चालवताना फोन वापरणाऱ्याला अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि हँड्स-फ्रीने तो फारसा कमी होत नाही. या दोन गोष्टींचा त्या लांबलचक मेसेजमध्ये उल्लेख नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मावशीला विचारलं, किती दिवस दुखतंय डोकं? सहा महिने. डॉक्टरांकडे गेलीस? "डॉक्टर काय टॉवर हलवणार आहेत?" दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन गेले. पट्टा बांधला, आकडा आला १७८ वर १०४. पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजला, जवळजवळ तेवढाच. डोकेदुखी त्यामुळेच होती असं डॉक्टरांनी ठामपणे सांगितलं नाही. वाढलेला रक्तदाब बहुतेक वेळा दुखत-खुपत नाही, म्हणूनच तो मोजावा लागतो. पण सहा महिने तो मोजलाच गेला नव्हता, कारण दुखण्याचं कारण सगळ्यांना आधीच ठाऊक होतं, समोरच्या गच्चीवर दिसत होतं.

गोळी सुरू झाली आहे. फॉइल तिने स्वतःच काढून टाकली. आणि परवा म्हणाली, "ज्या ग्रुपवर मला तो मेसेज आला तिथे माझ्यासारख्याच बायका आहेत. त्यांना टाकायला मला नीट लिहून दे." ते हे.